संगीतसूर्य केशवराव आणि हरवलेला प्रयोग

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. ज्यांच्या नावाने हे नाट्यगृह उभे होते त्यांची जयंती दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला होती. ज्या वास्तूत पुष्पहार घालावयाचा तिच्यासमोर नगरजन सकाळी डोळे पुसत उभे राहिले, हा योगायोग कोल्हापूरकर सहजी विसरणार नाहीत. रंगमंच, छप्पर, आसने यांची राख झाली. दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. वास्तू पुन्हा उभारण्याची घोषणा तत्काळ झाली आणि ते योग्यच झाले. दगड, लाकूड आणि पत्रा यांच्यावर पैसा खर्चून जे परत मिळते ते मिळवलेच पाहिजे. परंतु त्या गर्दीत उभे असताना मनात एक वेगळाच प्रश्न येत होता. ज्याचे नाव या भिंतींवर होते त्या नटाचे आपल्याजवळ काय उरले आहे? वास्तू २०२४ साली जळाली. त्या नटाचा प्रयोग तर १९२१ सालीच नाहीसा झाला, आणि त्यासाठी आगीचीही गरज पडली नाही.

केशवराव विठ्ठल भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. पितृछत्र लवकर हरपले. त्या काळी निराधार कुटुंबातील गळा असलेल्या मुलाला पोटापाण्याचा जो एक मार्ग मोकळा होता तोच त्यांच्या वाट्याला आला. थोरले बंधू दत्तोबा आणि चार-पाच वर्षांचा केशव हे दोघे स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. नाटक कंपनीतील बालपण म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकाला करून द्यावी लागेल. शाळा नाही, घर नाही. पहाटे उठून आवाज लावायचा, दिवसा नक्कल पाठ करायची, रात्री तोंडाला रंग फासून उभे राहायचे आणि गाव बदलले की बैलगाडीत पेट्यांवर झोपायचे. ‘नक्कल’ हा शब्दही आता मागे पडला आहे. संपूर्ण नाटकाची प्रत नटाच्या हाती देण्याची चाल नव्हती. त्याच्या भूमिकेची वाक्ये आणि आधीच्या पात्राचे शेवटचे चार शब्द एवढेच एका वहीत उतरवून दिले जात. ती वही म्हणजे त्याची नक्कल. अशा शेकडो वह्या त्या काळी महाराष्ट्रात फिरत होत्या. नाटक कसे बसवले गेले, कुठे गाळले, कुठे वाढवले याचा याहून विश्वासू साक्षीदार दुसरा नाही. आणि नाटक मंडळी मोडल्यावर रद्दीत गेलेल्या वस्तूंमध्ये पहिला क्रमांक याच वह्यांचा लागतो.

तालीममास्तर जानूभाऊ निमकर यांच्या कडक शिस्तीत केशव वाढला. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले होते. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची ती कथा. स्वदेशहितचिंतक मंडळीने ते नाटक बसवले आणि शारदेची भूमिका या कोवळ्या मुलाकडे आली. शारदेच्या वयाला शोभेल असे वय, निर्मळ आणि उंच चढणारा आवाज आणि जन्मजात समज, यांमुळे केशवची शारदा गावोगाव गाजली. प्रौढ पुरुषाने केलेली बालिका आणि खरोखरीच्या बालकाने केलेली बालिका यांत प्रेक्षकाच्या काळजाला जाऊन भिडणारा जो फरक असतो, तो येथे पडला असला पाहिजे. ‘असला पाहिजे’ असे मुद्दामच लिहीत आहोत. देवलांचे पुस्तक आपल्या हाती आहे, कोणते पद कोणत्या प्रवेशात आहे हे ते सांगते. त्या मुलाने ते पद म्हणताना कोणत्या शब्दावर श्वास घेतला हे ते सांगत नाही.

संगीत नाटकाच्या छापील पुस्तकाची एक खुबी येथे नोंदवण्याजोगी आहे. प्रत्येक पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि ‘चाल’ दिलेली असते. म्हणजे मूळ कोणत्या ठुमरीवर, भजनावर किंवा लावणीवर हे पद बेतले त्याचा निर्देश असतो. वाचक त्या ओळीवरून उडी मारून पुढे जातो. परंतु ज्याला मूळ चीज ठाऊक आहे त्याला ती एक ओळ म्हणजे अर्धा प्रयोग ऐकू येण्यासारखी आहे. आज मूळ चिजा जाणणारे कमी होत चालले आहेत. उद्या ते राहिले नाहीत म्हणजे छापलेली संहिता असूनही ती मुकी होईल. संहिता जपणे म्हणजे पुस्तक कपाटात ठेवणे नव्हे, एवढाच याचा अर्थ.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी स्थापन केली. त्या वेळी त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. आज ज्या वयात मुले महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचा अर्ज भरतात, त्या वयात हा तरुण एका मंडळीचा मालक, प्रमुख नट आणि शिक्षक झाला. जन्म कोल्हापूरचा आणि मंडळीचा जन्म हुबळीचा, ही गोष्टही सहज घडलेली नव्हे. कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतच्या पट्ट्यात तेव्हा मराठी आणि कानडी गाणे, मराठी आणि कानडी नट, एकमेकांच्या ओसरीवर वावरत होते. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केले, त्यामागेही कर्नाटकातून आलेल्या यक्षगानासारख्या खेळांची प्रेरणा होती, हे सर्वश्रुत आहे.

शाळा न पाहिलेल्या या तरुणाने पुढे स्वतःच्या शिक्षणाकडे जे लक्ष दिले ते कौतुकास्पद आहे. गाण्याची तालीम त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे घेतली. वझेबुवांनी मंडळीच्या नाटकांना चालीही दिल्या. बुवांची गायकी अवघड, अनवट रागांकडे झुकणारी आणि जोरकस. केशवरावांच्या तेजस्वी, तारसप्तकात निर्धास्त फिरणाऱ्या आवाजाला ती मानवली. एकीकडे बालगंधर्वांचे लडिवाळ, रेशमासारखे गाणे आणि दुसरीकडे केशवरावांचे हे पहाडी, चपळ तानांचे गाणे, असे दोन पंथ मराठी रसिकांत पडले. दोन्हीकडचे भक्त एकमेकांशी हमरीतुमरीवर येत.

नाटकांच्या निवडीतही केशवरावांची दृष्टी दिसते. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्यांनी १९१३ साली आणले. मामा वरेरकर या पोस्टखात्यातील माणसाला त्यांनी नाटककार म्हणून उभे केले. हुंड्याच्या चालीवर कोरडे ओढणारे ‘हाच मुलाचा बाप’ १९१६ मध्ये आणि ‘संन्याशाचा संसार’ १९१९ मध्ये ललितकलादर्शने केले. पौराणिक राजे-राण्या आणि मखरातले देव यांच्या गर्दीत समकालीन घरातला प्रश्न रंगभूमीवर आणावयाचा, आणि तोही गाण्याच्या लोभाने आलेल्या प्रेक्षकासमोर, हे धाडस धंद्याच्या दृष्टीने लहान नव्हते. केशवरावांच्या गळ्याची स्तुती करणाऱ्यांनी त्यांच्या या धाडसाकडे पुरेसे पाहिलेले नाही असे आम्हांस वाटते. आपल्याकडील नाट्यसमीक्षा फार काळ गळ्याच्या अंगाने चालली, त्याचा हा परिणाम.

नेपथ्याचा त्यांना विलक्षण षोक होता. पु. श्री. काळे यांच्यासारखा कसबी रंगचित्रकार मंडळीला लाभला. देखावे खरे वाटले पाहिजेत, पडदा वर जाताच प्रेक्षकाने श्वास रोखला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. दर्शनी मखमली पडदा मराठी रंगभूमीवर आणण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. कोल्हापुरात तर त्या वेळी आनंदराव आणि बाबूराव हे मिस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवीत होते. त्यांतले बाबूराव पेंटर पुढे चित्रपटांकडे वळले आणि १९२० साली त्यांनी ‘सैरंध्री’ काढला. या पडद्यांची आठवण आम्ही मुद्दाम ठेवली आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

राजर्षी शाहू महाराजांचा कलावंतांना असलेला आश्रय हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज युरोपात गेले. तेथील नाट्यगृहे आणि रोममधील प्राचीन आखाडे त्यांनी पाहिले, आणि परतल्यावर कोल्हापुरात एकमेकांना खेटून दोन वास्तू उभ्या राहिल्या: खासबागेचे कुस्तीमैदान आणि त्याच्या शेजारचे पॅलेस थिएटर. थिएटर १९१५ साली सुरू झाले. एका बाजूला मल्ल आणि दुसऱ्या बाजूला गवई, मध्ये एक भिंत. महाराजांच्या वृत्तीचे याहून बोलके चित्र काढता येणार नाही. खासबागेच्या मैदानात केशवरावांनी उघड्यावर, ध्वनिक्षेपकावाचून हजारोंसमोर ‘मृच्छकटिक’ केल्याची आठवण कोल्हापुरात अद्याप सांगितली जाते. आम्ही ती लहानपणी तीन वृद्धांकडून ऐकली आणि तिघांनी सांगितलेला प्रेक्षकांचा आकडा तीन प्रकारचा होता. त्यात कोणाचा दोष नाही. ज्याची नोंद वेळीच झाली नाही, ते दर पिढीला थोडे मोठे होत जाते.

आता १९२१ सालाकडे वळू. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उभा राहिला आणि देशभर पैसा जमू लागला. बालगंधर्व आणि केशवराव या दोन प्रतिस्पर्धी मंडळींच्या मालकांनी एकत्र येऊन फंडासाठी एक प्रयोग करावा, अशी कल्पना निघाली आणि दोघांनीही ती स्वीकारली. नाटक ठरले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’. १९११ मध्ये प्रथम आलेले, गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी गाजलेले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला ग्रँड थिएटरात ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. तिकिटांचे दर नेहमीच्या कितीतरी पट होते, तरी नाट्यगृह तुडुंब भरले आणि एका रात्रीत सोळा हजारांच्या वर उत्पन्न झाले. त्या काळी शाळामास्तराचा महिन्याचा पगार दोन आकडी असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या रकमेचा अर्थ कळतो.

त्या रात्री काय झाले? पाहणाऱ्यांनी आणि पाहिलेल्यांकडून ऐकणाऱ्यांनी त्यावर भरपूर लिहिले आहे. दोन गायक-नट एका रंगमंचावर, दोन्हीकडचे भक्त समोर, पदामागून पद आणि ‘वन्स मोअर’चा गजर. पाहुणा म्हणून आलेल्या नटाने आपल्या अंगाला नसलेली भूमिका घेतली की यजमानाच्या आवडत्या नाटकात त्यालाच मागे सारले, यावर वाद झाले. वर्णने वाचताना एक गोष्ट जाणवते: लिहिणारा गंधर्वपक्षाचा की केशवरावपक्षाचा हे दुसऱ्या वाक्यातच कळते आणि धैर्यधराचे पद नेमके कसे म्हटले गेले ते दहा पाने वाचूनही कळत नाही. अमृत, मेघगर्जना, विद्युल्लता अशा विशेषणांची रास आहे. पद किती वेळ चालले, मूळ चालीत काय फेरफार केला, संवादातून गाण्यात प्रवेश कसा केला, ऑर्गन आणि तबला कोठे थांबले, समोरची भामिनी त्या वेळी काय करीत होती, हे कोणी लिहिलेच तर ओघात, चुकून.

यंत्राने ही उणीव भरून निघण्याचा संभव नव्हता. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण १९०२ पासून होत होते. गोहरजानच्या तबकड्या त्याच सालच्या. परंतु तेव्हा गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. विजेवर चालणारा ध्वनिग्राहक १९२५ नंतर आला. रात्रभर चालणारे नाटक आणि नाट्यगृहभर पसरलेला प्रतिसाद टिपणे १९२१ साली जगात कोठेच शक्य नव्हते. बालगंधर्व १९६७ पर्यंत जगले आणि त्यांचे गाणे पुष्कळ तबकड्यांतून आपल्याला ऐकता येते. त्यामुळे आज तो वाद चालवायचा झाला तर एक पक्ष स्वतःचा आवाज घेऊन उभा राहतो आणि दुसऱ्याची बाजू इतरांनी सांगावी लागते. हा न्याय नव्हे.

‘मानापमान’नंतर ‘सौभद्र’चाही असा संयुक्त प्रयोग झाला. पुढे काही आठवड्यांतच केशवरावांना विषमज्वराने गाठले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय अवघे एकतीस. सात महिन्यांनी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराजही गेले. कोल्हापूरच्या कलाजीवनाला बसलेले हे दोन आघात लागोपाठचे होते.

नाटक मंडळी मात्र मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली. वरेरकरांची ‘सत्तेचे गुलाम’ आणि ‘तुरुंगाच्या दारात’ ही नाटके त्यांच्याच काळातली. १९३७ मध्ये बापूराव निवर्तले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी पुढे मंडळी पुन्हा उभी केली. केशवराव ऑक्टोबर १९२१ मध्ये गेले आणि भालचंद्र पेंढारकर नोव्हेंबर १९२१ मध्ये जन्मले. संस्थापकाला डोळ्यांनी पाहण्याची संधी सात आठवड्यांनी हुकलेल्या या माणसाने नंतर जे केले त्याचे महत्त्व आम्हांस त्यांच्या अभिनयाइतकेच वाटते. फितीवरील ध्वनिमुद्रणाचे यंत्र हाताशी येताच त्यांनी मुंबईत साहित्य संघाच्या रंगमंचावर होणारे संगीत नाटकांचे प्रयोग, आपले आणि इतरांचेही, संपूर्ण मुद्रित करण्याचा सपाटा लावला. गाणी तेवढी वेचून नव्हे, तर संवाद, खोकले, टाळ्या, वन्स मोअर, सगळ्यासकट. नट म्हणून रंगमंचावर उभे राहावयाचे आणि विंगेत यंत्र चालू आहे ना याकडेही एक कान ठेवायचा, ही कसरत त्यांनी वर्षानुवर्षे केली. २०१५ साली ते गेले तेव्हा त्यांच्यामागे जो ठेवा राहिला, त्याच्यावाचून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संगीत रंगभूमीचा अभ्यास लंगडा पडला असता. ज्या मंडळीच्या संस्थापकाचा श्रेष्ठ प्रयोग हवेत विरला, त्याच मंडळीच्या वारसाने हे करावे, यात आम्हांस योगायोगापेक्षा जास्त काही दिसते.

कोणी म्हणेल की नाटक क्षणभंगुर असणे हाच त्याचा धर्म आहे, ते जपून ठेवण्याचा अट्टाहास कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. ध्वनिफीत म्हणजे नाटक नव्हे आणि चित्रफीतही नव्हे. छायाचित्रातल्या पक्वान्नाने पोट भरत नाही. शिवाय यंत्राने टिपलेले टिकतेच असेही नाही. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ आज उपलब्ध नाही, १९२५ चा ‘सावकारी पाश’ही नाही. हे दोन्ही चित्रपट होते, फितीवर होते, या गावात जन्मले होते आणि तरी गेले. त्यांच्याआधी बाबूरावांनी व आनंदरावांनी रंगवलेले पडदे फाटून, विरून गेले ते वेगळेच. तेव्हा प्रश्न यंत्राचा कमी आणि ठेवणाऱ्या हाताचा अधिक आहे.

लंडनचे ग्लोब नाट्यगृह २९ जून १६१३ रोजी प्रयोग चालू असताना जळाले. वर्षभरात ते पुन्हा बांधलेही गेले. परंतु शेक्सपिअरच्या दृष्टीने खरे बांधकाम त्यानंतर दहा वर्षांनी झाले. हेमिंग आणि कॉन्डेल या त्याच्या दोघा नटमित्रांनी हाती असलेल्या प्रती जुळवून १६२३ साली छत्तीस नाटकांचा संग्रह छापला. त्यांतली सुमारे निम्मी तोपर्यंत छापलेलीच नव्हती; ‘मॅक्बेथ’ त्यांत आहे. पंडितांनी नव्हे, राजाने नव्हे, बरोबर काम करणाऱ्या नटांनी हे केले. आपल्याकडे गोविंदराव टेंबे, गणपतराव बोडस, मामा वरेरकर, चिंतामणराव कोल्हटकर यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या नसत्या, तर केशवरावांविषयी दोन पाने लिहिणेही दुरापास्त झाले असते. हेही बरोबर काम करणारेच.

मग आज कोल्हापुरात काय करता येईल? नाट्यगृह नव्याने उभे राहताना खुर्च्यांची संख्या, वातानुकूलन आणि वाहनतळ यांवर चर्चा झाली. ती हवीच. तिच्याबरोबर एका खोलीची मागणी आम्ही करतो. अग्निरोधक भिंती असलेली, कोरडी, कपाटांची एक खोली. राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर दरवर्षी कितीतरी संस्था नाटके करतात. निकाल लागतो, वृत्तपत्रात चार ओळी येतात आणि संहितेची प्रत दिग्दर्शकाच्या पिशवीत जाते. आमच्या परिचयाच्या एका हौशी संस्थेच्या तीस वर्षांच्या प्रॉम्प्टरच्या प्रती, हालचालींच्या खुणा आणि कापाकापीसकट, कार्यालय बदलताना किलोच्या भावाने गेल्या. कोणाला वाईट हेतू नव्हता. ठेवायला जागा नव्हती इतकेच. नव्या नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, म्हणून ती सरकारदरबारी तरी असते. पण प्रत्यक्ष प्रयोगात तिचे काय झाले हे त्या प्रतीतून कळणे नाही. ते प्रॉम्प्टरच्या प्रतीत असते.

शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्र शिकवले जाते. शतकाहून अधिक जुना गायन समाज देवल क्लब गावात आहे. विद्यार्थ्यांनी वर्षातून दोन-तीन प्रयोगांची साद्यंत नोंद करावी, असा प्रघात पाडणे अवघड नाही. नोंद म्हणजे स्तुती किंवा निंदा नव्हे. पडदा किती वाजता उघडला, कोणता प्रवेश गाळला, प्रकाश कोठे बदलला, प्रेक्षक कोठे हसले आणि हसायला नको होते तेथे हसले का, नटाने वाक्य विसरल्यावर समोरच्याने ते कसे सावरले. दैनिकांतून नाटकांवर लिहिणाऱ्यांनीही, आमच्यासकट, एक परिच्छेद विशेषणांवाचून लिहिण्याची सवय करावी. आज प्रत्येकाच्या खिशात चित्रण करणारे यंत्र आहे हे खरे. पण चोरून घेतलेले अर्धवट चित्रण नटाचाही अपमान करते आणि अभ्यासकाच्याही कामाचे नसते. लेखक, निर्माता आणि नट यांची रीतसर संमती घेऊन, एका जागी कॅमेरा ठेवून घेतलेले साधे, अखंड चित्रण आणि त्याच्याबरोबर तारीख, स्थळ, कलावंतांची नावे लिहिलेला कागद: एवढ्याने पुष्कळ होते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७० पासून नेमके हेच चालवले आहे. ग्रंथालयात बसून पाहावयाचे, घरी न्यावयाचे नाही, अशी अट घातल्याने धंद्याचेही नुकसान होत नाही.

पॅलेस थिएटरला केशवरावांचे नाव १९५७ साली देण्यात आले, त्यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी. त्या वेळी त्यांची शारदा पाहिलेली माणसे या गावात होती. सत्तरीतली, पण होती. त्यांच्यापुढे कोणी कागद-पेन्सिल घेऊन बसले असते, तर खासबागेतला तो आकडा एक तरी ठरला असता.